जायचं तर खेळाडू म्हणून जा, हाकलल्यासारखा जाऊ नको

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या लोणी भापकरच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी पोरं बसली होती. माझा भाचा त्यांच्यातच होता. वय एकोणीस, डावखुरा, वेगात चेंडू टाकतो. सुपे-मोरगावपासून माळेगावपर्यंत कुठंही टेनिस बॉलच्या मॅचेस असल्या की याला बोलावणं येतं. त्याला दुबईहून एका एजंटाचा फोन आला होता. कंपनीत नोकरी, कंपनीच्याच टीमकडून क्रिकेट, आणि तीन वर्षं तिकडं राहिलं की थेट देशाच्या टीममध्ये खेळायला पात्र. व्हिसा आणि तिकिटाचे म्हणून दीड लाख आधी भरायचे. भाच्यानं हे मित्रांना सांगितलं. त्यावर त्यातला एक जण, जो लहानपणापासून दर ईदला आमच्या घरी शीरखुर्मा प्यायला येतो, सहज बोलून गेला, "जा की मग. तुमचं काय, तिकडंच बरं."

त्याच्या मनात विष नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं.

घरी आल्यावर भाच्याला म्हटलं, मनावर घेऊ नको. तो खाली मान घालून बुटाची माती काढत होता. म्हणाला, "मामू, सहीच तो बोल्या वो. यहां अपने कू कौन लेता?"

दोस्तांनो, त्या दिवसापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक बाहेरून आलं, एक घरातून. पण दोन्ही एकच सांगतात: हा देश तुझा नाही, तू इथं तात्पुरता आहेस. मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे, आणि दुसऱ्याशी जरा जास्तच, कारण ते आपल्या तोंडचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. देश बदलून क्रिकेट खेळायला माझा अजिबात विरोध नाही. ज्याला जायचं आहे त्यानं खुशाल जावं. माझा प्रश्न एवढाच आहे की तो कशासाठी जातो आणि जाताना मनात काय घेऊन जातो.

सौरभ 'आपला', एजाज 'तुमचा'

६ जून २०२४. टी-ट्वेंटी विश्वचषकात डॅलसच्या मैदानावर अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरनं. मुंबईचा मुलगा. २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. मुंबईकडून रणजीचा एकच सामना मिळाला. पुढं रस्ता दिसेना म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला, ओरॅकल कंपनीत इंजिनिअर झाला आणि तिकडं पुन्हा चेंडू हातात घेतला. पाकिस्तानला हरवल्यावर सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यानं विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर घालवलं आणि पाठोपाठ रोहित शर्मालाही बाद केलं. भारताविरुद्ध!

आमच्या गावात त्या रात्री कुणाला राग आला नाही. उलट फोनवर स्टेटस लागले, 'आपला मराठी पोरगा'. मलाही आनंद झाला होता. व्हायलाच पाहिजे.

आता त्याच्या अडीच वर्षं आधीची गोष्ट आठवा. डिसेंबर २०२१, वानखेडे स्टेडियम. न्यूझीलंडच्या एजाज पटेलनं एका डावात भारताच्या दहाच्या दहा विकेट काढल्या, ११९ धावांत. कसोटीच्या इतिहासात त्याआधी असं फक्त दोघांनी केलं होतं: १९५६ मध्ये जिम लेकर आणि १९९९ मध्ये अनिल कुंबळे. एजाजचा जन्मही मुंबईचाच. आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. ज्या शहरात जन्मला, त्याच शहरात येऊन त्यानं हा पराक्रम केला. वानखेडेवरच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हेही खरं आहे आणि ते विसरता कामा नये. पण आमच्या कट्ट्यावर मला कुणीतरी कोपरानं ढोसून म्हणालं, "बघ, तुमच्या माणसानं काय केलं!"

माझा माणूस? मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याच्या घरची बोली आणि माझ्या घरची बोली वेगळी. त्याचं माझं नातं काय, तर नाव. सौरभ अमेरिकेचा शर्ट घालून भारताला नडला तर तो 'आपला', आणि एजाज न्यूझीलंडचा शर्ट घालून नडला तर तो 'तुमचा'. दोघांचा जन्म एकाच शहरातला, दोघांनी केलं तेही एकच. फरक फक्त नावाचा.

पण थांबा, अर्धीच गोष्ट सांगून मी सुटणार नाही. त्याच रात्री आपल्या ग्रुपांवर काय चाललं होतं? 'माशाअल्लाह, अपना बंदा!' आपणही तेच केलं की. आपणही नाव बघितलं. जो हिशेब दुसऱ्यानं केला की आपल्याला लागतो, तोच आपण आनंदानं केला. एजाज 'तुमचा' नाही, तसा 'आपला'ही नाही. तो न्यूझीलंडचा आहे. ज्या मैदानांनी त्याला धावू दिलं, ज्यांनी त्याला चुका करू दिल्या, त्यांचा आहे. तो सुरुवातीला वेगवान गोलंदाज होता. विशी गाठल्यावर फिरकीकडं वळला आणि शिकला कुणाकडून, तर दीपक पटेलकडून. हा दीपक पटेल नैरोबीत जन्मला, इंग्लंडमध्ये वाढला, तिथं कौंटी क्रिकेट खेळला आणि कसोटी खेळला न्यूझीलंडकडून. खेळाडू असाच घडतो, हातोहात. त्यात कुणाचं एकट्याचं काही नसतं.

शर्ट बदलणं जुनंच आहे

ज्यांना वाटतं की शर्ट बदलला म्हणजे इमान बदललं, त्यांनी आपलाच इतिहास जरा उघडून बघावा.

इफ्तिखार अली खान पतौडी १९३२ मध्ये सिडनीला पहिली कसोटी खेळले ती इंग्लंडकडून, आणि शतक ठोकलं. ज्या इंग्रजांचं राज्य आपल्यावर होतं त्यांचा शर्ट घालून! १९४६ मध्ये तेच पतौडी भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले. त्यांना आपण गद्दार म्हटलं का? त्यांच्या मुलाला आपण एकविसाव्या वर्षी भारताचा कर्णधार केलं.

गुल मोहम्मद लाहोरचा. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध तो आणि सांगलीचे विजय हजारे खेळपट्टीवर उभे राहिले आणि दोघांनी मिळून ५७७ धावांची भागीदारी केली. गुल मोहम्मद ३१९, हजारे २८८. एक लाहोरचा मुसलमान, एक सांगलीचा मराठी ख्रिश्चन. काही महिन्यांत फाळणी झाली. त्यानंतरही १९५२ मध्ये गुल मोहम्मद भारताकडून पाकिस्तानविरुद्ध खेळला. पुढं त्यानं पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं आणि १९५६ मध्ये एक कसोटी पाकिस्तानकडून खेळला. या माणसाचं इमान कुठं मोजायचं? मला तरी त्याच्या ३१९ धावाच दिसतात.

आमच्या भागातल्या माणसाला हे कळायला अवघड नाही. दरवर्षी थंडी पडायच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजूर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर येतात. कोयता त्यांचा, फड दुसऱ्याचा. त्यांना कुणी विचारतं का, तुमचं इमान बीडशी का बारामतीशी? आमच्या जिरायती पट्ट्यातली किती माणसं दुष्काळाच्या सालात पुण्या-मुंबईला गेली. हाताला जिथं काम तिथं माणूस जातो. गोलंदाजाचा हातही हातच आहे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियमही हेच मानतो. एखाद्या देशाकडून खेळायला तीन रस्ते आहेत: तिथं जन्म, तिथलं नागरिकत्व, किंवा सलग तीन वर्षांचा रहिवास. आधी एखाद्या मोठ्या, कसोटी खेळणाऱ्या देशाकडून खेळला असाल, तर शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षं थांबायचं आणि मग दुसऱ्याकडून खेळायचं. धर्म, आडनाव, मनात कोण आहे, हे त्यात कुठंही विचारलेलं नाही.

तेव्हा माझ्या गावातल्या त्या मित्राला मी एवढंच सांगेन: भाचा दुबईला गेला तर तो सौरभसारखा जाईल, कामासाठी. 'तुमचं तिकडंच बरं' हे वाक्य सौरभला म्हणून बघ. जिभेवर येतं का?

आता घरातलं वाक्य

"यहां अपने कू कौन लेता?"

हे वाक्य मी मशिदीबाहेर ऐकलंय, लग्नात ऐकलंय, आणि खोटं का बोलू, स्वतःही बोललोय. हे वाक्य हवेतून आलेलं नाही. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानकडून भारत दहा विकेटांनी हरला. अकरा जण हरले, पण शिव्या पडल्या मोहम्मद शमीला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वसीम जाफरसारख्या माणसानं, ज्यानं रणजीत धावांचा डोंगर उभा केला, उत्तराखंडचं प्रशिक्षकपद सोडलं तेव्हा त्याच्यावर धर्माच्या नावानं आरोप झाले. त्याला पत्रकारांसमोर बसून एकेक आरोप खोडून काढावा लागला. हे सगळं घडलेलं आहे आणि 'तसं काही नसतं रे' म्हणून ते पुसता येणार नाही.

पण त्याच आठवड्यात विराट कोहलीनं कर्णधार म्हणून उघडपणे सांगितलं की धर्मावरून एखाद्याला लक्ष्य करणं ही माणसानं करण्यासारखी सर्वांत हीन गोष्ट आहे. जाफरच्या पाठीशी अनिल कुंबळे जाहीरपणे उभे राहिले. हेही घडलेलं आहे. शिव्या लक्षात ठेवायच्या आणि हे विसरायचं, हा कुठला न्याय?

आणि 'कौन लेता' याचं सरळ उत्तर हवं असेल तर श्रीरामपूरला जा. श्रीरामपूर काय, आपल्या बारामतीसारखंच, उसाच्या पट्ट्यातलं गाव. तिथला झहीर खान. डावखुराच, माझ्या भाच्यासारखा. सतराव्या वर्षी मुंबईला गेला, क्लब क्रिकेट खेळला, चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत शिकला. रणजीचं दार त्याला बडोद्यानं उघडलं. महाराष्ट्रातला पोरगा, खेळला बडोद्याकडून! म्हणजे राज्य त्यालाही बदलावं लागलं. पण २००० साली तो भारताचा झाला, कसोटीत ३११ विकेट घेतल्या आणि २०११ चा विश्वचषक आपण जिंकला त्यात २१ विकेट एकट्याच्या. हैदराबादच्या रिक्षावाल्याचा मुलगा मोहम्मद सिराज ४ ऑगस्ट २०२५ ला ओव्हलवर शेवटची विकेट काढतो, भारत सहा धावांनी जिंकतो आणि अख्खा देश त्याच्या नावानं ओरडतो. हे 'अपने कू' घेतलेलेच आहेत ना?

एक झहीर, एक सिराज दाखवून सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. पण 'कौन लेता' हे वाक्य जेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणतो, तेव्हा मला त्याला विचारायचं असतं: तू गेलास कुठं, की तुला कुणी घेतलं नाही? कुठल्या निवड चाचणीला उभा राहिलास? कुणी तुझं नाव बघून परत पाठवलं?

मी भाच्याला हे विचारलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, लेदर बॉल से मैं कभी खेल्याच नहीं."

तेव्हा मला खरं दुखणं सापडलं.

दार बंद आहे की दारापर्यंत रस्ताच नाही?

आमच्या गावात मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ आहे, त्याच्यापुढं पुष्करणी आहे. लांबून लोक ते बघायला येतात. पण गावच्या पोरांना खेळायला काय आहे? बाजरी निघाली की रिकामं वावर. ढेकळं फोडायची, दगड वेचायचे, तीन काठ्या रोवायच्या. पुढच्या पेरणीपर्यंत ते मैदान. तिथं लेदर बॉल टाकला तर फलंदाजाचे दात जातील. म्हणून टेनिस बॉल. आणि टेनिस बॉलवर कितीही यॉर्कर टाकलेत तरी जिल्ह्याच्या निवड चाचणीत लेदर बॉल हातात आला की शिवण कशी धरायची इथपासून सुरुवात.

पंचवीसेक किलोमीटरवर बारामतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियम आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं महाराष्ट्र आणि उत्तराखंडचा रणजी सामना झाला. याच तालुक्यातले शरद पवार भारतीय क्रिकेट बोर्डाचे आणि नंतर जागतिक क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते. म्हणजे क्रिकेटचं सर्वांत वरचं दालन आमच्या तालुक्याला परकं नाही. आमचं अडतं ते पहिल्या पायरीवर. पहाटेची एसटी, सरावाची फी, बूट, पॅड, बॅट, आणि घरी शेळ्या-कोंबड्या बघायला एक माणूस कमी. हा खर्च भाच्याच्या घराला झेपत नाही. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या धनगराच्या पोरालाही झेपत नाही, मराठ्याच्या पोरालाही नाही, बौद्धवाड्यातल्या पोरालाही नाही. ज्यानं भाच्याला 'तिकडंच बरं' म्हटलं, तो स्वतः चांगला यष्टिरक्षक आहे. त्याला कुणी घेतलं? त्याच्याकडं तर दुबईचा फोनही आलेला नाही. तो कुणाला म्हणणार, 'इथं आपल्याला कोण घेतंय'?

म्हणजे दोघंही एकाच वावरात अडकलेत. आणि तिथून बाहेर कसं पडायचं हे शोधायचं सोडून एक दुसऱ्याला म्हणतो 'जा', आणि दुसरा म्हणतो 'जातो'. मैदानाचं कुणी बोलतच नाही.

दार खरंच बंद असणं म्हणजे काय, ते बेसिल डॉलिव्हेराला माहीत होतं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनचा हा मिश्रवर्णीय खेळाडू. तिथं कायद्यानंच गोऱ्यांचा संघ वेगळा, त्यात याला जागा नाही. १९६० मध्ये तो इंग्लंडला गेला, १९६६ मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळला. १९६८ मध्ये ओव्हलवर १५८ धावा केल्या, आणि त्याला दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघात घेतलं तेव्हा तिथल्या सरकारनं तो संघच नाकारला, दौरा रद्द झाला. त्याच्यापुढं देश सोडण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

आणि दार अर्धवट उघडं असताना आत कसं घुसायचं, हे आपल्याच पुण्यात पळवणकर बाळूंनी दाखवलं. चर्मकार समाजातला मुलगा, पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामं करायचा आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचा. हिंदूंच्या संघात घेतलं, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त विकेट घेतल्या. तरी कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. त्यासाठी भांडण चालूच राहिलं, आणि १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळूंना 'इथं आपल्याला कोण घेतंय' म्हणायचा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हक्क होता. ते मैदान सोडून गेले नाहीत.

आपलं दार कायद्यानं बंद नाही. संविधानानं ते आपल्यासाठी उघडं ठेवलंय. तिथपर्यंतचा रस्ता मात्र कच्चा आहे, आणि रस्ता मागावा लागतो.

तिकडं जन्नत नाही

ज्यांना तरीही जायचंच आहे, त्यांनी डोळे उघडे ठेवून जावं.

आखाती देशांत आयुष्य घालवलं तरी आपल्यासारख्या कामगाराला सहसा नागरिकत्व मिळत नाही. तिथं खेळायचं ते रहिवासाच्या जोरावर, रहिवास व्हिसाच्या जोरावर आणि व्हिसा नोकरीच्या जोरावर. नोकरी गेली की क्रिकेटही गेलं. २०१५ च्या विश्वचषकात पर्थला भारताविरुद्ध संयुक्त अरब अमिरातीचा संघ उतरला, त्यात वसईचा स्वप्नील पाटील यष्टिरक्षक होता. मराठी माणूस, भारतासमोर दुसऱ्या देशाच्या शर्टात. त्याच संघातला खुर्रम खान विमान कंपनीत पर्सरची नोकरी सांभाळून खेळत होता. नोकरी आधी, क्रिकेट नंतर. दीड लाख भरून थेट देशाच्या टीममध्ये कुणी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. सौरभ गेला तो डिग्रीसाठी. एजाज गेला तो आईवडिलांचं बोट धरून.

उन्मुक्त चंदकडं बघा. २०१२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा भारताचा कर्णधार. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घेऊन अमेरिकेला गेला, पात्रतेची वर्षं मोजली आणि २०२४ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेच्या संघात त्याचं नाव आलंच नाही. एजाजनं वानखेडेवर दहा विकेट घेतल्या आणि त्याच्या पुढच्याच मालिकेत न्यूझीलंडनं त्याला संघाबाहेर ठेवलं, घरच्या खेळपट्ट्यांवर फिरकीला काम नाही म्हणून. निवड समिती सगळीकडं निवड समितीच असते.

आणि नाव? पासपोर्ट बदलतो, नाव बदलत नाही. उस्मान ख्वाजा तेव्हा ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर होता, शोएब बशीर तर जन्मानं इंग्लंडचा. तरी २०२३ मध्ये ख्वाजाला आणि २०२४ मध्ये बशीरला भारताचा व्हिसा उशिरा मिळाला. बशीरची पहिली कसोटी त्यात हुकली. इंग्लंडमध्ये अझीम रफीकनं नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदीय समितीसमोर बसून सांगितलं की यॉर्कशायर क्लबात त्याच्या वंशावरून त्याला काय काय ऐकावं लागलं. म्हणजे 'तिकडंच बरं' हे दोन्ही बाजूंनी खोटं आहे. जिथं जाल तिथं कुणीतरी नाव बघणारा भेटेल आणि कुणीतरी चेंडू बघणारा भेटेल. चेंडू बघणारे वाढवणं हे काम प्रत्येक देशात बाकी आहे.

घरातली एक गोष्ट राहिली

भाच्याची धाकटी बहीण पंधरा वर्षांची आहे. अंगणात भावाला ती चेंडू टाकते, आणि तिचा आत येणारा चेंडू त्याला खेळता येत नाही, हे तो स्वतः कबूल करतो. तिला कुणी विचारलं, तुला कुठं खेळायचंय? हैदराबादची गौहर सुलताना भारताकडून खेळली, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पोरासाठी दीड लाख उभे करायला दाजी शेळ्या विकायला निघाले. पोरीला बारामतीच्या एसटीचे पैसे द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. 'यहां अपने कू कौन लेता' म्हणणाऱ्या घरानं आपल्याच पोरीला घेतलं नव्हतं. दुसऱ्याला बोल लावण्याआधी हे मला लिहायलाच हवं होतं.

मग करायचं काय?

एजंटाला आम्ही पैसे दिले नाहीत. कंपनीचं नाव, नोकरीचा करार, व्हिसा कुठल्या कामाचा, हे लिहून मागितलं. त्यानं फोन उचलणं बंद केलं. भाचा दोन दिवस जेवला नाही. माझ्यावर त्याचा राग होता, अजूनही थोडा आहे.

आता आठवड्यातून तीन दिवस तो पहाटेच्या एसटीनं बारामतीला सरावाला जातो. शनिवारी बहीणही बरोबर जाते. लेदर बॉलनं बोटं सोलून निघालीत. यंदा निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी, आणि तीही झाली नाही तर त्याला कळेल की तो कुठं कमी पडला. ते कळणंही मोठी गोष्ट आहे.

आणि त्या यष्टिरक्षक मित्राला मी एका संध्याकाळी घरी बोलावलं. चहा झाला. म्हटलं, तू बोललास ते मला लागलं. तो गोरामोरा झाला, म्हणाला, "मामा, मी आपलं सहज..." म्हटलं, सहजच बोललास, म्हणून तर सांगतोय. मग तिघांनी बसून ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला: गावातल्या मुला-मुलींसाठी कायमचं मैदान, त्यात एक सिमेंटची खेळपट्टी आणि जाळी. सही करायला धनगरवाडा, बौद्धवाडा, मोहल्ला, सगळीकडं ही पोरंच फिरली.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी गावोगाव ग्रामसभा होतात. तिथं आपण जातच नाही. जा. मैदान मागा, लेखी मागा, आणि एकट्यासाठी मागू नका. निवड चाचणी कधी, कुठं, हे विचारा आणि तिथं उभे राहा. नाव बघून कुणी परत पाठवलं तर त्याचं नाव-गाव-तारीख लिहून आणा, मग आपण मिळून भांडू. पण न जाताच 'कौन लेता' म्हणू नका.

परवा भाच्यानं विचारलं, "मामू, पासपोर्ट निकालूं क्या?"

म्हटलं, काढ की. काढून कपाटात ठेव. उद्या खेळासाठी जावं लागलं तर मी स्वतः मुंबईच्या विमानतळावर सोडायला येईन. फक्त कुणी 'जा' म्हटलं म्हणून जाऊ नको.

तो हसला आणि ग्रामसभेच्या अर्जाची झेरॉक्स काढायला निघून गेला.